गिरडचे दगड ते लाडबोरीची कडी: वर्धा परिसरातील आकाशकथा आणि लोकतर्क

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांचे भाविक तेथे नवस फेडायला येतात. याच टेकडीवर वाळलेल्या फळांसारखे दिसणारे गोलसर दगड मोठ्या संख्येने विखुरलेले आढळतात. हे दगड येथे आले कसे, या प्रश्नाला लोकांनी दिलेले उत्तर ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. तेराव्या शतकात दोन बंजारा व्यापारी मालाने लादलेले बैल घेऊन टेकडीजवळून चालले होते. त्यांनी शेख फरीदांची टर उडवली आणि त्यांच्या शापाने सगळा माल दगड झाला. व्यापाऱ्यांनी गयावया केली, तेव्हा फकिराने वाळक्या पानांचा नवा माल करून दिला. ते दोघे मग त्यांचेच शिष्य होऊन तेथे राहिले. दर्ग्याजवळच्या दोन कबरी त्यांच्याच आहेत असे सांगितले जाते.

भूविज्ञानाचे उत्तर वेगळे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात गोल पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले गरम पाणी या पोकळ्यांतून झिरपले आणि तेथे झिओलाइट वर्गाच्या खनिजांचे स्फटिक जमले. भोवतालचा बेसाल्ट झिजून त्याची काळी माती झाली, पण पोकळीत भरलेले गोळे सुटे होऊन टेकडीवर उरले. ज्या खडकाने वर्धा-हिंगणघाट पट्ट्याला कापसाची काळी जमीन दिली, त्याच खडकाने गिरडला हे दगडही दिले.

ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. कथा रचणाऱ्यांनी निरीक्षण चुकीचे केले नव्हते. दगड फळांसारखे गोल आहेत, भोवतालच्या खडकापासून वेगळे आहेत आणि एकाच ठिकाणी दाटीने आहेत, हे त्यांनी नेमके टिपले होते. उणीव होती ती तर्क तपासून पाहण्याच्या साधनांची. अचंब्याची गोष्ट दिसली की तिच्याभोवती तर्क रचण्याची ही चाल वर्धा परिसरात पुढेही चालू राहिली. धूमकेतू, ग्रहणे, भूकंप, उपग्रह, विज्ञानकथा, पडद्यावरची चित्रमालिका आणि शेवटी आकाशातून पडलेले धातूचे तुकडे असे तिचे विषय बदलत गेले.

शेंडेनक्षत्र, ग्रहण आणि पंचांग

खेड्यातल्या माणसाला आकाश हे घड्याळ आणि कॅलेंडर म्हणून परिचित होते. मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणत आणि ते कुठवर चढले यावरून रात्र किती सरली हे ओळखत. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि तिच्यामागे लागलेले तीन चोर, अशी ओळख आजी नातवंडांना करून देत असे. पावसाचा अंदाज मृग, आर्द्रा, पुनर्वसू या नक्षत्रांवर बांधला जाई. पंचांगात दिलेले नक्षत्राचे वाहन बेडूक आहे, म्हैस आहे की उंदीर, यावर पेरणीपूर्वी पारावर चर्चा रंगे.

या ठरलेल्या व्यवस्थेत जे बसत नसे ते भय निर्माण करी. धूमकेतूला मराठीत शेंडेनक्षत्र म्हणतात आणि ते दिसले की राजाचा मृत्यू, दुष्काळ किंवा साथ येणार असा समज होता. १९१० हे वर्ष या समजाला बळ देणारे ठरले. त्या वर्षाच्या आरंभी एक ठळक धूमकेतू दिसला आणि मे महिन्यात हॅलेचा धूमकेतू आला. ६ मे १९१० रोजी बादशहा सातवे एडवर्ड यांचे निधन झाले आणि शेंडेनक्षत्र राजावर आले असे म्हणणाऱ्यांना दाखला मिळाला. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्येच पूर्ण झाला होता. त्यामुळे मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे वर्ध्याच्या वाटेवर होती आणि जगात काय चालले आहे हे येथील साक्षर वर्गापर्यंत पोहोचत होते. युरोप-अमेरिकेतही तेव्हा भीती पसरली होती. हॅलेच्या शेपटीत सायनोजन हा विषारी वायू असल्याचे वर्णपटावरून समजले होते आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती. प्रत्यक्षात शेपूट इतकी विरळ असते की पृथ्वीवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. नवे विज्ञान हाताशी आले म्हणून भीतीचे तर्क थांबत नाहीत, ते विज्ञानाची भाषा उचलतात, हे १९१० मध्ये दिसून आले.

ग्रहणाच्या बाबतीत दोन स्पष्टीकरणे एकाच घरात सुखाने नांदत होती. राहू-केतू सूर्यचंद्राला गिळतात ही पुराणातली कथा सर्वांना ठाऊक होती. दुसरीकडे, चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्रावर पडते हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगितले होते. पंचांगकर्ते त्याच गणिती परंपरेतून ग्रहणाची वेळ काढत. त्यांच्या लेखी राहू आणि केतू म्हणजे चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदते ते दोन बिंदू. एकाच पंचांगाच्या पानावर ग्रहणाची गणिताने काढलेली वेळ आणि वेध पाळण्याचे नियम दोन्ही छापलेले असत. गर्भवतीने भाजी चिरू नये, शिजलेल्या अन्नावर तुळशीपत्र ठेवावे, ग्रहण सुटल्यावर स्नान आणि दान करावे, हे नियम बहुतेक घरांत पाळले जात.

वर्ध्याहून निघालेली यात्रा आणि भूकंपाचा वाद

निसर्गातील घटनेचा अर्थ कसा लावावा, यावरचा आधुनिक भारतातील एक महत्त्वाचा वाद वर्ध्याशी जोडलेला आहे. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुले केले होते. महात्मा गांधींनी अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर केलेली हरिजन यात्रा ७ नोव्हेंबर १९३३ रोजी याच वर्ध्याहून सुरू झाली. यात्रा दक्षिणेत असताना, १५ जानेवारी १९३४ रोजी, बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे गांधीजींनी जाहीर सभेत सांगितले.

रवींद्रनाथ ठाकूर यांना हे विधान मान्य झाले नाही. भौतिक आपत्तीची कारणे भौतिक घटनांतच शोधली पाहिजेत आणि नैतिक दोषांशी तिची सांगड घातली तर अविवेकाला खतपाणी मिळते, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक धारदार होता. हाच तर्क उलटा फिरवून, मंदिरे खुली केल्यामुळेच देव कोपला असे सनातनी मंडळीही म्हणू शकतात. जो तर्क दोन्ही पक्षांना सारखाच सोयीचा ठरतो त्याने काहीच सिद्ध होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. गांधीजींनी रवींद्रनाथांचे निवेदन फेब्रुवारी १९३४ मध्ये स्वतःच्या ‘हरिजन’ पत्रातच छापले आणि त्याच अंकात आपले उत्तरही दिले. दोघांनी आपापली भूमिका सोडली नाही. तरीही विरोधी मत आपल्याच पत्रात संपूर्ण छापण्याची ही रीत आजही अनुकरणीय आहे.

त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याला मुक्कामाला आले आणि १९३६ मध्ये शेगाव येथे, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहू लागले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समिती आणि नई तालीमची योजना निघाली. या योजनेची ओळख सूतकताई आणि हस्तव्यवसाय अशी करून दिली जाते, पण तिच्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञानही होते. रात्री दिशा आणि वेळ सांगणाऱ्या ताऱ्यांचे ज्ञान मुलांना द्यावे आणि शास्त्रज्ञ व संशोधकांच्या गोष्टी सांगाव्यात, अशी तरतूद त्यात होती. आजीच्या बाजेला आणि तीन चोरांना शाळेच्या अभ्यासात जागा मिळण्याची ही सोय होती. सेवाग्रामच्या शिक्षणविचाराचा हा भाग मात्र फारसा चर्चिला गेला नाही.

चंद्रविजय, स्कायलॅब आणि १९८० चे ग्रहण

१९६९ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. कवी पु. शि. रेगे त्याचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी २० जुलैला माणूस चंद्रावर उतरला. चांदोमामा म्हणून ज्याला अंगाईत बोलावले जाई, त्याच्यावर बुटांचे ठसे उमटल्याची बातमी रेडिओने खेडोपाडी पोहोचवली. यावर विश्वास ठेवणारे, न ठेवणारे आणि चंद्र बाटला म्हणून हळहळणारे असे सगळेच तेव्हा होते.

दहा वर्षांनी आकाशाने वेगळी परीक्षा घेतली. १९७३ मध्ये सोडलेले, सुमारे ७७ टन वजनाचे स्कायलॅब हे अमेरिकेचे अंतराळस्थानक अपेक्षेपेक्षा लवकर खाली येऊ लागले. ते नेमके कोठे पडेल हे कोणालाच सांगता येत नव्हते आणि त्याच्या मार्गात भारतही होता. १९७९ च्या जून-जुलैत देशभर अफवांना ऊत आला. जग बुडणार म्हणून कोठे पूजा मांडल्या गेल्या, कोठे साठवलेले धान्य संपवले गेले. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागात पडले. कोणालाही इजा झाली नाही.

पाठोपाठ १६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण आले. खग्रास पट्टा कर्नाटक, आंध्र आणि ओडिशातून गेला आणि वर्ध्यात ते खंडग्रास होते. देशातील कित्येक शहरांचे रस्ते त्या दुपारी ओस पडले. या भीतीमागे दोन निराळी कारणे होती. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टिपटलाला इजा होते ही खरी सूचना होती, तर ग्रहणात विषारी किरण सुटतात हा समज खोटा होता. लोकांनी दोन्ही एकत्र केले आणि घराची दारे लावून घेतली. पुढच्या काळात विज्ञान संघटनांनी गाळणी असलेले चष्मे वाटून शाळेच्या मैदानांवर ग्रहण दाखवायला सुरुवात केली. २४ ऑक्टोबर १९९५ आणि २२ जुलै २००९ च्या ग्रहणांना लोक आवर्जून बाहेर पडले.

विज्ञानकथा आणि तिचा वाचक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाशाविषयीच्या तर्काला मराठीत एक नवे घर मिळाले, ते विज्ञानकथेचे. तिची मुळे जुनी आहेत. कोचीहून कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी चालवलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप क्रमशः येत होते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. अनंत अंतरकरांचे ‘नवल’ मासिक आणि १९६० च्या दशकात सुरू झालेला ‘धनंजय’ दिवाळी अंक यांनी अद्भुत, रहस्य आणि विज्ञान यांच्या सीमेवरच्या कथांना वाचक मिळवून दिला. दिवाळी अंकांची वर्गणी भरून ते आळीपाळीने वाचण्याची सोय सार्वजनिक वाचनालये करीत, त्यामुळे असे अंक तालुक्याच्या गावांपर्यंत जात.

१९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेने विज्ञानकथेची स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरे मिळतात. प्रसिद्धीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून नारळीकरांनी टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली होती. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली आणि विज्ञानकथेकडे पाहण्याची वाङ्मयीन वर्तुळाची नजर बदलू लागली. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ मध्ये, म्हणजे स्कायलॅबच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी या प्रवाहाला आपापली वळणे दिली.

या कथांनी वाचकाला नव्या प्रकारे तर्क करायला लावले. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेतील मूर्ती कडक दैवत म्हणून वाचकाच्या परिचयाची असते, पण कथा तिला आरशातल्या प्रतिमेच्या आणि अवकाशाच्या पिळाच्या प्रश्नाशी नेऊन भिडवते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात पोहोचतात जेथे मराठे पानिपतावर जिंकलेले असतात. ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला शास्त्रज्ञ वळवतात, तर घरातली माणसे श्रेय शांतियज्ञाला देतात. १९१० च्या शेंडेनक्षत्राच्या भयाला मराठी साहित्याने दिलेले हे एक अर्थपूर्ण उत्तर आहे. ज्यांच्या घरांत शांती आणि दुर्बीण दोन्ही होती, अशा वाचकांना ही कथा परकी वाटली नाही.

विज्ञानकथेवर आक्षेपही घेतले गेले. काहींच्या मते तिच्यात विज्ञान जास्त आणि माणूस कमी होता. काहींना ती पाश्चात्त्य कथांची उसनवारी वाटली, तर काहींना भुताखेतांच्या गोष्टींना दिलेला यंत्रांचा साज. नारळीकरांचा आग्रह असा की, विज्ञानकथेतील कल्पना ज्ञात विज्ञानाच्या नियमांना धरून पुढे गेलेली असावी आणि तिने वाचकाला विचार करायला लावावे. तर्काला मर्यादा असते हे त्यांनी स्वतःच्या संशोधनातही अनुभवले होते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी महास्फोट सिद्धांताला पर्याय मांडला. १९६५ मध्ये जाहीर झालेल्या विश्वव्यापी सूक्ष्मलहरी प्रारणाच्या शोधाने महास्फोटाची बाजू बळकट केली, तरी नारळीकर पुरावे आणि गणित मांडून आपल्या पर्यायावर काम करीत राहिले. बहुमत विरुद्ध असतानाही त्यांनी वाद तपासण्याजोग्या भाषेत ठेवला.

तपासण्याची ही रीत त्यांनी फलज्योतिषालाही लावली. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी २०० कुंडल्या गोळा केल्या. त्यांपैकी १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या होत्या. कोणती कुंडली कोणाची हे ओळखण्याचे आवाहन ज्योतिषांना करण्यात आले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांचे यश सरासरी ४६ टक्के होते. नाणे उडवूनही साधारण ५० टक्के उत्तरे बरोबर येतात. रवींद्रनाथांनी १९३४ मध्ये तर्काच्या पातळीवर जे मांडले होते, त्याला येथे आकड्यांची जोड मिळाली.

पडद्यावरचा रोबो आणि शेवटच्या भागाचे तर्क

१९८० च्या दशकात दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रे वाढली आणि ‘स्टार ट्रेक’, ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘इंद्रधनुष’ यांसारख्या मालिकांनी अंतराळ घरात आणले. केबल वाहिन्यांनंतर सचेतन चित्रांच्या मालिका आल्या. विदर्भात त्यांना भाषेची अडचण आली नाही. नागपूर-वर्धा भाग १९५६ पर्यंत हिंदी भाषक मुलखासह एकाच प्रांतात होता आणि १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यातच काम करीत होती. हिंदीत डब केलेल्या कार्यक्रमांची भाषा येथील मुलांच्या कानाला सरावाची होती.

या मालिकांपैकी ‘डोरेमॉन’ने घराघरांत मूळ धरले. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हिरोशी फुजिमोतो यांची ही चित्रकथा जपानी मासिकांत १९६९ च्या अखेरीस सुरू झाली. भारतात ती मालिका २००५ मध्ये हंगामा टीव्हीवर हिंदीतून दिसू लागली. बाविसाव्या शतकातून आलेला मांजरासारखा दिसणारा रोबो नोबिता या अभ्यासात मागे असलेल्या मुलाला पोटावरच्या खिशातून नवनवी यंत्रे काढून देतो. काळयंत्र, कुठेही नेणारे दार आणि डोक्यावर बसवायचा उडता पंखा ही त्यांतली काही. विज्ञानकथेतील काळप्रवास, समांतर जग आणि भविष्य बदलणे या कल्पना मुलांना प्रथम भेटल्या त्या अशा मालिकांतून.

फुजिमोतो १९९६ मध्ये वारले आणि मालिकेचा अंतिम शेवट त्यांनी लिहिला नाही. ही मोकळी जागा चाहत्यांनी तर्कांनी भरली. सर्वाधिक पसरलेल्या तर्कानुसार नोबिता हा रुग्णालयात बेशुद्ध पडलेला मुलगा असून डोरेमॉन केवळ त्याच्या स्वप्नात आहे. दुसऱ्या तर्कात रोबोची बॅटरी संपते, ती बदलली तर त्याची स्मृती पुसली जाणार असते आणि त्याला वाचवण्यासाठी नोबिता मोठेपणी शास्त्रज्ञ होतो. या कल्पनेवर एका जपानी चाहत्याने २००५ मध्ये स्वतःची चित्रकथा काढून विकली. हक्कधारकांनी आक्षेप घेतला आणि त्याने २००७ मध्ये माफी मागून मिळकतीचा काही भाग परत केला. भारतातही ‘शेवटचा भाग’ म्हणून हे दोन्ही किस्से मुलांच्या तोंडी आले.

मूळ चित्रकथेकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. फुजिमोतो यांनी १९७१, १९७२ आणि १९७४ मध्ये निरोपाच्या कथा लिहिल्या होत्या. त्यांतील १९७४ च्या कथेत डोरेमॉन भविष्यात परत जाणार असतो आणि त्याला निश्चिंत मनाने जाता यावे म्हणून नोबिता एकट्याच्या बळावर दांडगट मित्राशी झुंजतो. पुढच्याच कथेत डोरेमॉन परत येतो. स्वप्नाच्या तर्काला मूळ कथांत आधार नाही. बॅटरीच्या तर्कालाही नाही, पण तो कथेच्या स्वभावाशी जुळतो, कारण दुबळ्या मुलाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे हाच मालिकेचा गाभा आहे. चाहत्यांच्या तर्काला लावायची कसोटी येथेही तीच राहते: मूळ सामग्रीत त्याला आधार आहे का आणि तो बाकीच्या कथेशी सुसंगत आहे का. चातुर्मासात पोथी ऐकणारे श्रोते शंका विचारीत आणि पुराणिकबुवा पोथीतलाच दाखला देऊन समाधान करीत, तेव्हाही रीत हीच होती.

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, उत्तर महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या आकाशातून जळत्या गोळ्यांची एक रांग संथपणे सरकत गेली. अंगणात आणि गच्चीवर असलेल्या लोकांनी मोबाइलवर तिचे चित्रीकरण केले. काही मिनिटांतच तर्क सुरू झाले. कोणी उल्कावर्षाव म्हटले, कोणी कोसळते विमान, कोणी क्षेपणास्त्र, कोणी परग्रहावरचे यान. सणाच्या दिवशी दिसले म्हणून कोणाला तो शुभशकुन वाटला, तर कोणाला अशुभ.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावच्या मोकळ्या जागेत त्याच रात्री सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली. तिचे वजन ४० किलोपेक्षा अधिक भरले. दुसऱ्या दिवसापासून परिसरात धातूचे गोळेही सापडू लागले आणि वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातूनही असा अवशेष मिळाल्याचे वृत्त आले. गिरडची टेकडी ज्या तालुक्यात आहे, तोच हा तालुका. अवशेष पोलिसांच्या ताब्यात गेले आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्यांची पाहणी केली.

पहिल्या काही तासांत तज्ज्ञांचेही एकमत नव्हते. त्याच दिवशी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन जातीचे रॉकेट सुटले होते, त्यामुळे हा त्याचाच टप्पा असावा असा एक अंदाज पुढे आला. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांचा हिशेब मांडून दुसरे उत्तर दिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या चांग झेंग ३ बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी वातावरणात परतणे अपेक्षित होते आणि त्याचा मार्ग याच भागावरून जात होता. वेळ, दिशा आणि सापडलेल्या वस्तूंचे स्वरूप यांच्याशी हे उत्तर जुळले आणि तेच ग्राह्य धरले गेले.

डोळ्यांना दिसलेल्या खुणाही याच निष्कर्षाकडे नेत होत्या. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा क्षणभरच दिसते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडव्या मार्गाने वातावरणात शिरते आणि तिचे तुकडे एकामागोमाग जळत जाताना अधिक वेळ दिसतात. रॉकेटचा बराचसा भाग जळून जातो. मात्र दाबाखालील वायू साठवण्याच्या गोल टाक्या उष्णतेला दाद न देणाऱ्या पदार्थांच्या बनवलेल्या असल्याने जमिनीपर्यंत टिकून येतात. जगाच्या पाठीवर कोठेही असे अवशेष सापडले की त्यांत गोळे हमखास असतात, ते यामुळेच. अंतराळातील वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२ पासून अस्तित्वात आहे आणि तो प्रक्षेपण करणाऱ्या देशावर जबाबदारी टाकतो.

त्यानंतर वर्षभराच्या आत, ३ ते ५ फेब्रुवारी २०२३ या काळात, वर्ध्यात पुन्हा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष नरेंद्र चपळगावकर होते. त्याआधी २०२१ च्या नाशिक संमेलनाच्या अध्यक्षपदी जयंत नारळीकर निवडले गेले होते आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला मराठी साहित्याने सर्वोच्च सन्मान दिला होता. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले.

गिरडच्या दगडांपासून लाडबोरीच्या कडीपर्यंत लोकांची जिज्ञासा तितकीच ताजी राहिली आहे. तर्क करणे हा दोष नाही, विज्ञान आणि विज्ञानकथा या दोन्हींचा आरंभ तेथेच होतो. दोष असतो तो तर्कालाच पुरावा मानण्यात. यापुढे अंतराळातील जुने टप्पे आणि उपग्रह खाली येण्याचे प्रसंग वाढतच जाणार आहेत आणि विदर्भाच्या आकाशात असे दृश्य पुन्हा दिसू शकते. तसे दिसल्यास वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसले याची नोंद करावी आणि चित्रीकरण मूळ स्वरूपात जपून ठेवावे. पडलेल्या वस्तूला हात लावू नये, कारण टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा तहसील कार्यालयाला कळवावे. तर्क अवश्य लढवावेत, पण ते पुढे पाठवण्याआधी पुराव्याची वाट पाहावी.